तीन टिक

आमच्या गेज-रूममध्ये बारा महिने वीस डिग्री.
बाहेर मकरपुऱ्यात डांबर चपलेला चिकटतं
आणि मी मे महिन्यात शाल पांघरून बसते.
लोखंडसुद्धा तापलं की फुगतं,
म्हणून.

बावीस वर्षं मापं घेतेय.
शाफ्ट, बुश, बेअरिंगच्या रिंगा.
मायक्रोमीटर कोणाचं आडनाव विचारत नाही,
हे नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगते.
हर्षिललाही सांगितलं होतं.
तो हसला होता. छान हसतो.
शेटच्या बहिणीचा मुलगा.

गुरुवारी बोर्डावर कागद लागला.
क्वालिटी इन्चार्ज, आणि पुढे त्याचं नाव.
आधी गुजरातीत वाचलं, मग इंग्रजीत.
दोन्हीकडे तेच होतं.
कॅन्टीनमध्ये सेव-उसळीवर तरी ओतताना
रमणभाई म्हणाला, "ए तो थवानुंज हतुं, कुमुदबेन,"
आणि दोन पाव जास्तीचे दिले.

रात्री अर्ज लिहायला बसले. गुजरातीत.
'सविनय' अगदी मोत्यासारखं आलं.
मग लिहिलं, मी इथे फक्त गुणवत्तेवर लागले,
आणि पेन थांबलं.
निळी फाईल.

मुलाखतीच्या बाकावर आम्ही दोघीच होतो.
जशोदा वसावा. देडियापाड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली,
चपलांना लाल माती,
आयटीआयला पहिली.
निळी फाईल मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात.
म्हणाली, व्हर्नियर वाचता येतं ना?
मला येत नव्हतं.
तिनं दोन बोटं एकमेकांवरून सरकवून दाखवलं:
एकच रेघ समोरच्या रेघेला नीट जुळते,
तीच बघायची.
बाकीच्या जवळजवळ जुळतात. त्यांना भुलायचं नाही.

आत सावेसाहेबांनी विचारलं ते एवढंच:
"अण्णा माहुरकरांची पुतणी ना तू?
आम्ही एकाच आखाड्यातले."
मग चहा आला.
उठता उठता, रीत म्हणून,
त्यांनी व्हर्नियर पुढे सरकवला.
मी जुळलेली रेघ वाचली.

बाहेर आले तर जशोदा उभी राहिली.
आलं वाचता?
हो म्हटलं.
तिला आत बोलावलं का, चहा दिला का,
माहीत नाही. मी थांबले नाही.
रावपुऱ्यात पेढे घ्यायचे होते.

म्हणून हर्षिलचं बरोबर ठरतं, असं नाही.
मी मांडून पाहिलं,
तिचं माझ्यातून वजा केलं, माझं त्याच्यातून,
बाकी शून्य येत नाही.
आणि बावीस वर्षं मीच बसलेय ना इथे?
एक लॉट परत आलेला नाही माझा.
हेही खरंच आहे.
हे मी मोठ्यानं म्हटलं, स्वयंपाकघरात,
तेव्हा कुकरची शिट्टी झाली.

सोमवारी इन्चार्ज गेज-रूममध्ये आले.
शर्ट नवा, घडीच्या खुणा अजून तशाच.
हातात रिंग.
मायक्रोमीटर करकचून आवळला,
म्हणाला, "मॅडम, बसतंय. ओके करू?"

जोर लावलास की तुला हवं ते माप येतं, मी म्हटलं.
मागची टोपी फिरव, हलक्या हातानं.
तीन टिक वाजले की थांब.

टिक.
टिक.
तिसऱ्याला त्यानं श्वास धरला होता.
रिंग दोन शतांशांनी जास्त निघाली.
तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला,
मग स्वतःच तिला लाल डबीत टाकून आला.
मला हे आवडलं,
आणि आवडलं याचा रागही आला.

अर्ज मंगळवारी दिला.
एक शब्द खोडून: फक्त.
तो दोन्ही भाषांत तसाच लिहितात.
गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते.
ही मी मधून ओढली,
पट्टी लावून,
आणि कागद बदलला नाही.